गुंठ्यातला रस्ता

या व्याख्यानाला आपण सारे ज्या रस्त्यावरून चालत आलात, तो रस्ता कोणा एकाने विकत घेतलेला नाही. आणि तरीही तो कोणाच्या तरी जमिनीतून गेलेला आहे. ती जमीन कोणी सोडली, केव्हा सोडली आणि तिची किंमत कोणी भरली, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधीत गेले म्हणजे घरांसाठी भूखंड पाडण्याच्या नियमांचा इतिहास हाती लागतो. मी विद्यापीठात शिकलेला माणूस नाही. कामगार संघटनेचे काम करताना सभासदांच्या घराचे कागद वाचावे लागले. कागद उमगेनात म्हणून कायदा वाचावा लागला. आणि कायदा उमगेना तेव्हा त्याच्या मागचा इतिहास वाचणे भाग पडले. त्या वाचनातून जे गवसले तेच आज आपणांपुढे ठेवतो.

आपल्याकडे गावच्या जमिनीचे दोन भाग पूर्वापार मानीत आले आहेत: पांढरी आणि काळी. पांढरीवर वस्ती, काळीत शेती. वस्ती वाढली की काळीचा एखादा तुकडा पांढरीत येई. पण तो आपोआप येत नसे. पेशवाईत नवी पेठ वसवायची झाली म्हणजे कौल दिला जाई, येणाऱ्या उदमी-कारागिरांना काही वर्षे करात सूट मिळे, आणि पेठेची वस्ती वाढवून ती सांभाळण्याचे काम शेटे-महाजनांकडे असे. पुण्याच्या पेठा अशाच वसल्या. त्या काळी सारेच आदर्श होते असे मी म्हणत नाही. कोणत्या जातीने कोठे राहावे हेही तेव्हा ठरलेलेच असे, आणि गावकुसाबाहेर कोणाला ठेवले हे आपण जाणतो. मुद्दा इतकाच, की शेताचे घर होताना त्यात सगळ्या गावाचा संबंध येतो, ही समजूत इंग्रजांनी आणलेली नव्हे. ती जुनी आहे.

इंग्रजी अमलात तिला कायद्याचे रूप आले, परंतु आरंभी त्यामागची दृष्टी साऱ्याची होती. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने असे ठरविले, की शेतीची जमीन दुसऱ्या कामाला लावायची तर कलेक्टरची परवानगी घ्यावी. घराच्या जमिनीला शेताहून अधिक आकार बसे. म्हणून सरकारला कळणे अगत्याचे. आज ज्याला आपण 'एन.ए.' म्हणतो त्याचे मूळ हे. त्या घरांपाशी जायला वाट किती रुंद असावी, सांडपाणी कोठे जावे, हे पाहणे हा त्या कायद्याचा हेतू नव्हता. मुंबई शहराची तऱ्हा थोडी निराळी. तेथे १८८८ च्या महापालिका कायद्यातच, जमीन घरांसाठी आखून तीत खाजगी रस्ते काढायचे असतील तर आधी आयुक्तांना कळवावे, असे कलम घातले गेले. पण जुने शहर त्याच्या कितीतरी आधी दाटीवाटीने उभे राहून गेले होते.

त्या दाटीचा हिशेब १८९६ साली चुकता झाला. त्या वर्षी सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि पुढे काही महिन्यांत मुंबई अर्धी ओस पडली. अंधाऱ्या खोल्या, हात पोचेल इतक्या जवळ उभ्या भिंती, मधल्या घळीतून वाहणारी घाण: शहराची ही रचनाच रोगाला साथ देत होती. १८९८ साली सुधारणा न्यास स्थापन झाला. त्याने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले आणि उत्तरेकडे दादर-माटुंग्याला आधी रस्ते आखून, गटारे बांधून, मग भूखंड दिले. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनीतून आजही फिरून पाहावे. घरे बदलली, मजले चढले. पण रस्ते आणि बागा शंभर वर्षांपूर्वी आखल्या तेथेच आहेत. घर पाडून पुन्हा बांधता येते. रस्त्याची चूक मात्र पिढ्यान्पिढ्या निस्तरावी लागते.

तथापि या गोष्टीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. न्यासाने मोडलेल्या वस्तीतील गरिबांपैकी दादरच्या भूखंडावर किती जण आले? ते भूखंड नोकरदारांना आणि पांढरपेशांना परवडणारे होते. गिरणीतला माणूस परळ-लालबागच्या एका खोलीतच राहिला. नियम उत्तम होता. पण त्या नियमाच्या आत गरिबाला जागा नव्हती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या साऱ्या इतिहासात ती पुन्हापुन्हा आडवी येते.

१९१५ साली मुंबई इलाख्याने नगररचनेचा कायदा केला. हिंदुस्थानातील या प्रकारच्या आरंभीच्या कायद्यांपैकी तो एक. इंग्लंडातील १९०९ च्या कायद्याचा आदर्श त्यापुढे होता, पण त्यातील युक्ती आपल्या शेतकऱ्यालाही सहज पटावी अशी होती. समजा, दहा जणांची दहा वेडीवाकडी शेते आहेत. सारी एकत्र धरायची, त्यातून रस्ते आणि सार्वजनिक जागा काढायच्या, आणि उरलेल्या जमिनीचे चौकोनी भूखंड पाडून ज्याचे त्याला परत द्यायचे. प्रत्येकाची जमीन थोडी घटते. पण रस्त्यावर आल्यामुळे तिची किंमत वाढते. त्या वाढीतला काही भाग त्याने योजनेच्या खर्चासाठी द्यायचा; तंटा पडला तर लवाद नेमलेला. वांद्रे, खार, सांताक्रूझ येथील नगररचना योजना अशाच झाल्या. खारच्या रस्त्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत आणि पुष्कळ घरांच्या पत्त्यांत 'टी.पी.एस.' ही अक्षरे आजही लिहिली जातात, ती या कायद्याची खूण. यात रस्त्याची किंमत कोणी भरली? सर्वांनी थोडीथोडी, आणि आधी. तिन्ही प्रश्नांना इतके सरळ उत्तर मला दुसरीकडे सापडलेले नाही.

स्वातंत्र्यानंतर कायदे वाढले. १९५४ च्या नगररचना कायद्याने नगरपालिकांवर सबंध गावाचा विकास आराखडा करण्याची जबाबदारी टाकली. १९६६ साली महाराष्ट्राचा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आला. आता भूखंड पाडायचे तर रेखांकन मंजूर करून घेणे, ठरलेल्या रुंदीचे रस्ते ठेवणे आणि मोठ्या जमिनीत साधारण दहावा भाग मोकळा सोडणे हे बंधनकारक झाले. कागदावर सारे ठीक होते. मग शहरांच्या कडेने अर्ध्या-अर्ध्या गुंठ्याच्या वस्त्या उगवल्या कशा?

याचे उत्तर दुसऱ्या दोन कायद्यांत आहे. पहिला १९४७ चा तुकडेबंदीचा. शेताचे इतके बारीक तुकडे होऊ नयेत की त्यावर शेतीच होणार नाही, हा त्याचा हेतू, आणि तो रास्त होता. पण तोच कायदा शहराच्या वेशीवर येऊन उभा राहिला तेव्हा त्याचा अर्थ पालटला. एक गुंठा विकत घेणाऱ्याचा स्वतंत्र सातबारा होईना. दुसरा १९७६ चा नागरी जमीन कमाल मर्यादेचा. मुंबईत ५०० चौरस मीटर आणि पुण्यात १,००० चौरस मीटर यांहून अधिक मोकळी जमीन खाजगी मालकाने ठेवू नये, जादा जमीन गरिबांच्या घरांसाठी यावी, असे त्यात होते. प्रत्यक्षात सरकारच्या हाती फार थोडी जमीन आली. मालकांना मात्र धास्ती पडली. जमीन सरकारात जाण्यापेक्षा गुंठ्यागुंठ्याने रोख पैसे घेऊन मोकळे व्हावे, असे अनेकांनी ठरविले. हा कायदा महाराष्ट्रात २००७ साली रद्द झाला. तोवर वस्त्या बसून गेल्या होत्या.

गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आता एक साधा हिशेब मांडू. समजा, कोणी एक एकर जमीन नियमाने पाडली. चार गुंठे मोकळी जागा ठेवली, आठ-दहा गुंठे रस्त्यांना गेले. विकायला उरले सव्वीस ते अठ्ठावीस. तीच जमीन चोरून पाडली, मोकळी जागा मुळीच सोडली नाही आणि रस्त्याऐवजी बोळ ठेवला, तर छत्तीस-सदतीस गुंठे विकता येतात. हे वरचे नऊ-दहा गुंठे कोणाचे? ते रस्त्याचे, गटाराचे, मुलांच्या मैदानाचे. विकणाऱ्याने आपले म्हणून काही विकलेच नाही. वस्तीची सामाईक जागा वस्तीलाच विकली!

घेणारा कोण होता, हे मी जवळून पाहिले आहे. १९९५ च्या सुमारास कारखान्याच्या दारात आमच्या सभा होत. आणि सभा संपली की बोनसपेक्षा गुंठ्याच्याच गोष्टी चालत. कोणी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढलेले, कोणी पतपेढीचे कर्ज घेतलेले, कोणी बायकोच्या पाटल्या मोडलेल्या. हाती काय, तर मुद्रांकावर लिहिलेले साठेखत, एक कुलमुखत्यारपत्र आणि पांढऱ्या फक्कीने आखलेला चौकोन. सातबारावर पंचवीस जणांची नावे एकत्र. मंजूर रेखांकनातला भूखंड त्याच्या आवाक्याबाहेर होता आणि भाड्याच्या खोलीत दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवावे लागे. 'कायदा मोडणारा' म्हणून त्याच्याकडे बोट दाखविणे सोपे आहे. पण ज्याला कायद्याच्या दाराने आत घेतलेच नाही, तो कुंपणावरून आला यात नवल ते काय?

परिणाम त्यालाच भोगावे लागले. बोळात आगीचा बंब शिरत नाही. बाळंतपणाची बाई खाटेवर घालून चव्हाट्यापर्यंत न्यावी लागते. तिरडी वळवायची तर शेजाऱ्याची पायरी आड येते. नळ मागावा तर वस्ती नियमित नाही, कर्ज मागावे तर भूखंडाचा स्वतंत्र उतारा नाही.

अखेर २००१ साली गुंठेवारी विकास नियमित करण्याचा कायदा झाला. १ जानेवारी २००१ पूर्वी पाडलेले असे भूखंड प्रशमन शुल्क आणि विकास आकार भरून नियमित करून घ्यावेत, अशी त्यात तरतूद होती. २०२१ साली ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. कायद्याने पुष्कळांच्या डोक्यावरची टांगती तलवार काढली, हे मान्य केले पाहिजे. परंतु कागद नियमित झाला म्हणून बोळ रुंद होत नाही. शिवाय हिशेब पाहा: कामगाराने गुंठा घेताना विकणाऱ्याला रस्त्याच्या जागेसुद्धा पैसे दिले, आणि आता रस्ता व्हावा म्हणून शुल्क तोच भरतो. एकच रस्ता दोनदा विकत घेतला, आणि तोही अरुंद! विकणारा मात्र केव्हाच मोकळा झाला.

काही जाणते लोक म्हणतात, नियमांनीच घरे महाग केली. नियम सैल करा म्हणजे गरिबाला घर मिळेल. यात थोडे तथ्य आहे. परवानग्यांचे हेलपाटे कमी झाले पाहिजेत, आणि २०२० साली महाराष्ट्राच्या बहुतेक शहरांना मिळून एकच विकास नियमावली लागू झाली ती त्या दिशेने टाकलेले पाऊल होय. पण सैल काय करायचे आणि घट्ट काय ठेवायचे, हे इतिहासाला विचारावे. भूखंड लहान असू द्या. अर्धा गुंठा असला तरी त्यावर माणूस सुखाने राहू शकतो. हप्ते असू द्या, घर हळूहळू बांधू द्या. रस्ता, गटार आणि मोकळी जागा यांवर मात्र सूट नको, कारण त्या सुटीची किंमत पुढे गरीबच मोजतो. आणि बंदी घालणाऱ्या सरकारने त्याच वेळी लहान भूखंडांचे मंजूर रेखांकन स्वतः करून द्यावे. १९१५ च्या योजनेची युक्ती शहरांच्या कडेला, वस्ती बसण्यापूर्वी वापरता येते. वस्ती बसल्यावर ती वापरणे फार कठीण.

आपल्यापैकी कोणी अद्याप गुंठा घेण्याच्या विचारात असतील, तर त्यांनी जागा पाहण्याआधी मंजूर रेखांकन मागावे, त्यावरचा रस्ता जमिनीवर फुटपट्टीने मोजावा आणि मोकळी जागा कोणाच्या नावावर आहे ते विचारावे. एकट्याने विचारले तर विकणारा हसून दुसरे गिऱ्हाईक पाहील. पंचवीस जणांनी मिळून विचारले तर त्याला उत्तर द्यावेच लागेल. संघटनेच्या कामात मी शिकलो ते एवढेच, आणि जमिनीलाही ते लागू आहे.