पैठणचा वेताळ

वेताळ म्हटला कीं विक्रम आठवतो, आणि विक्रम म्हटला कीं उज्जयिनी. हा समज इतका रूढ आहे कीं, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील पैठणास या कथेंत कांहीं स्थान असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाहीं. जुन्या संस्कृत पाठांची साक्ष मात्र वेगळी आहे.

काश्मीरच्या सोमदेवानें अकराव्या शतकांत रचलेल्या 'कथासरित्सागरां'त वेताळकथांचा राजा त्रिविक्रमसेन असून त्याचें राज्य गोदातीरीं प्रतिष्ठानास, म्हणजे पैठणास आहे. क्षांतिशील नांवाचा भिक्षु दहा वर्षें नित्य एक फळ राजास देतो. प्रत्येक फळांत रत्न असल्याचें पुढें उघड होतें. मग कृष्ण चतुर्दशीच्या रात्रीं स्मशानांत बोलावणें, शिंशपेच्या झाडास लोंबकळणारें प्रेत, त्यांत शिरलेल्या वेताळानें राजाच्या खांद्यावरून कथा सांगणें, आणि राजाचें मौन सुटतांच त्यानें पुन्हा झाडास जाऊन लटकणें. शिवदासाचा गद्यपद्यमिश्र पाठ हाइनरिख ऊले या जर्मन पंडितानें इ. स. १८८१ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांतही नगर दक्षिणापथांतील प्रतिष्ठानच, राजा विक्रमसेन. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत तयार झालेल्या हिंदी 'बैताल पचीसी'त मात्र तो धारानगरीच्या गंधर्वसेनाचा पुत्र विक्रम आहे. नामसादृश्यानें विक्रमसेनाचा विक्रमादित्य झाला व राजामागोमाग राजधानीही माळव्यांत गेली, असें आम्हांस वाटतें.

यावरून वेताळ एकदम सातवाहनकालीन ठरविण्याचा मोह आवरला पाहिजे. गुणाढ्यानें काणभूति पिशाचाकडून ऐकलेली सात लक्ष श्लोकांची 'बृहत्कथा' पैशाची भाषेंत लिहिली, सातवाहन राजानें ती अव्हेरली, तेव्हां त्यानें एकेक पत्र पशुपक्ष्यांस वाचून दाखवीत सहा लक्ष श्लोक अग्नींत टाकले, अशी आख्यायिका सोमदेवच देतो. (पोथ्या जमविणारांस ही कथा कोणत्याही भुतापेक्षां भयंकर वाटावी.) परंतु नेपाळांत सांपडलेल्या बुधस्वामीच्या 'बृहत्कथाश्लोकसंग्रहा'च्या उपलब्ध भागांत वेताळकथा नाहींत. तो ग्रंथ अपुरा असल्यामुळें हा पुरावा निर्णायक नव्हे. तथापि या कथा मूळ 'बृहत्कथें'त नसाव्यात, काश्मिरी परंपरेंत मागाहून शिरल्या असाव्यात, हें मत दुर्लक्षिण्यासारखें नाहीं. एवढें खरें कीं, ज्यानें ही कथा रचली त्यास स्मशान व वेताळ यांसाठीं योग्य नगर म्हणून गोदातीरचें प्रतिष्ठानच सुचलें.

गांवकुसाबाहेर शेंदूर फांसलेल्या दगडाच्या रूपानें पुजला जाणारा, भुतांचा राजा म्हणून मानला जाणारा मराठी वेताळ प्रेतांत शिरत नाहीं, कोडींही घालीत नाहीं. दोघांचें नांव एक असलें तरी कूळ एक मानण्यास अधिक आधार हवा.

मराठी 'वेताळपंचविशी'च्या हस्तलिखित पोथ्या ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं आरंभींचें पत्र अवश्य पाहावें. राजा विक्रमसेन कीं विक्रमादित्य, नगर प्रतिष्ठान कीं उज्जयिनी, आणि पोथीचा लेखनशक कोणता, एवढ्या तीन गोष्टी उतरून मिळाल्या तरी वेताळानें पैठण केव्हां सोडलें याचा माग लागूं शकेल.