इंधनबचतीची उपकरणे व मिश्रके
वाहनाचे मायलेज वाढवण्याच्या दाव्याने विकली जाणारी साधने : इंधननळीवरील चुंबके, टाकीत टाकायच्या गोळ्या, पाण्यापासून हायड्रोजन बनवणारे संच इत्यादी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी 100 हून अधिक साधने तपासली. लक्षणीय बचत करणारे एकही आढळले नाही. सुस्थितीतील आधुनिक इंजिनात जवळजवळ सर्व इंधन जळतेच. ऊर्जा वाया जाते ती मुख्यतः उष्णता व घर्षणातून, आणि तिथे चुंबकाचे काही चालत नाही. हायड्रोजन संचाला लागणारी वीजही अखेर त्याच इंधनातून येते, म्हणून हा व्यवहार तोट्याचाच. इंजेक्टर स्वच्छ करणारी मिश्रके निराळी : काजळीमुळे घटलेले मायलेज ती काही अंशी परत मिळवून देऊ शकतात, मूळ क्षमतेत भर घालत नाहीत. टायरमध्ये हवेचा योग्य दाब राखल्यास मात्र इंधन खरोखर वाचते.