पायली ते लिटर : मराठवाड्यातील बालकांच्या धारकताबोधाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना
दोन भांड्यांपैकी कशात अधिक मावते, हे ओळखणे प्रौढांस सोपे वाटते. परंतु बालकाची नजर भांड्याच्या उंचीवर खिळते. जीन पियाजे व अलिना शेमिन्स्का यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही बाब प्रयोगांनी दाखविली. तेच पाणी अरुंद भांड्यात ओतले की लहान मुले ते 'वाढले' असे म्हणतात. हा भ्रम दूर करणारा अनुभव मराठवाड्यातील बालकांना पूर्वी कोठून मिळत असे आणि आज तो कसा देता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धान्यमापांची परंपरा
परळी वैजनाथसह बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ज्वारीच्या या मुलखात धान्य मापून देण्याघेण्याची रीत होती. सर्वसाधारण कोष्टकानुसार दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे व दोन मापट्यांचा एक शेर होई. दोन शेरांची अधोली व दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्या मापाच्या दुप्पट असल्याने लहान माप दोनदा ओतले की मोठे भरे. हा पडताळा हाताने घेता येई. माप शिगोशीग भरले की सपाट, यावर मजुरीचे धान्य कमी-अधिक होत असल्याने अचूकतेचा संबंध थेट न्यायाशी होता.

दशमान पद्धतीचा स्वीकार
या व्यवस्थेची उणीवही स्पष्ट होती. पायलीचे माप गावोगाव भिन्न असे व त्याचा तोटा बहुधा दुबळ्या घटकास सोसावा लागे. १९५६ च्या कायद्यान्वये १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान मापे आली व व्यवहारास एकसूत्रीपणा लाभला. मात्र लिटर व मिलिलिटर यांतील हजारपटीचे नाते हाताने ओतून अनुभवता येत नाही. ते बालकाला पाठ करावे लागते.

बालवाडीतील पर्याय
ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले व पुढे आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाड येथे बहरलेले कार्य येथे मार्गदर्शक ठरते. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी त्यांनी परिसरातील वस्तूंना शैक्षणिक साधनाचे स्थान दिले. त्याच तत्त्वानुसार परळीच्या अंगणवाडीत तांब्या, गडू व वाटी पुरेशी आहेत. बालकाने प्रथम अंदाज करावा, मग दोन्ही भांडी एकाच वाटीने भरून वाट्या मोजाव्यात. वाटी प्रत्येक वेळी सारखीच भरावी, हा जुन्या मापाचा दंडकही येथे आपोआप रुजतो.

समारोप
जुनी मापे परत आणणे इष्ट नाही. समान मापाचा हक्क मोलाचा आहे. परंतु ओतून पाहण्याचा अनुभव त्या मापांबरोबर घरातून गेला असल्याने तो देण्याची जबाबदारी आता शाळेवर येते. तुलना आधी, एकक नंतर, हा क्रम पाळल्यास 'लिटर' हा शब्द बालकाच्या लेखी अर्थपूर्ण ठरेल.