रुमालाखालची बोली ते पडद्यावरची बोली

जुन्नर व आंबेगाव परिसराचा व्यापार नाणेघाटाच्या वाटेइतका जुना आहे. जुन्नरच्या लेण्यांतील एका ब्राह्मी शिलालेखात धान्य-व्यापाऱ्यांच्या ‘श्रेणी’ने, म्हणजे एकाच धंद्यातील लोकांच्या संघाने, लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आढळते. या नोंदीत दान कोणाचे हे उघड आहे; तसेच व्यवहार कोण, कोणाच्या वतीने करतो हे चारचौघांना ठाऊक असणे हा व्यापारातील विश्वासाचा पाया होय, आणि लिलावाचा इतिहास हा पाया पुनःपुन्हा ढासळण्याचा व सावरण्याचा इतिहास आहे.

महाराष्ट्रातील अनेक बाजारांत पूर्वी ‘हत्ता’ पद्धत रूढ होती. आडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणारा मध्यस्थ, आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. त्यामुळे शेजारी उभ्या शेतकऱ्यालाही आपल्या मालाला कोणी किती भाव देऊ केला हे कळत नसे. ब्रिटिशकालीन शाही शेती आयोगाने १९२८ मध्ये नियंत्रित बाजारांची शिफारस केली, मुंबई प्रांताने १९३९ मध्ये कायदा केला आणि महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याने व १९६७ च्या नियमांनी उघड लिलावाची रीत पक्की केली.

आज मंचर, ओतूर व आळेफाट्याच्या आवारांत कांद्याच्या ‘वक्कला’भोवती, म्हणजे एका शेतकऱ्याच्या एका प्रतीच्या मालाभोवती, खरेदीदार जमतात, पिशवी फोडून गोळा व रंग पाहतात आणि दहा किलोमागे भाव पुकारतात. तरीही उघड लिलावाने कपट संपत नाही: खरेदीदारांनी संगनमत केले तर भाव पडतो, आणि विक्रेत्याचाच माणूस बोली लावू लागला तर तो खोटा चढतो.

ऑनलाइन लिलावात हा दुसरा धोका वाढतो, कारण आवारात चेहरा दिसतो, तर पडद्यावर केवळ टोपणनाव दिसते आणि एकच व्यक्ती अनेक खाती उघडू शकते. कायद्याने मात्र याची दखल फार पूर्वीच घेतली आहे. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ नुसार, बोलीचा हक्क राखून ठेवल्याचे आधी जाहीर न करता विक्रेत्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणे बेकायदा आहे, आणि खोट्या बोलीने किंमत चढवली असेल तर विक्री रद्द करण्याचा पर्याय खरेदीदाराला मिळतो.

हा हक्क बजावायचा तर पुरावा लागतो, म्हणून बोलींचा इतिहास न दाखवणाऱ्या संकेतस्थळापासून दूर राहणेच हिताचे ठरते. एखादे खाते एकाच विक्रेत्याच्या मालावर वारंवार बोली लावून कधीच जिंकत नसेल, शेवटी बोली मागे घेत असेल, किंवा ‘विकलेली’ वस्तू पुन्हा लिलावात येत असेल, तर संशयाला आधार मिळतो. खरेदीदाराने बाजारभाव पाहून आपली कमाल किंमत आधीच ठरवावी, चुरशीत ती ओलांडू नये, पैसे संकेतस्थळाबाहेर देऊ नयेत आणि प्रत्येक टप्प्याचे पडदाचित्र (स्क्रीनशॉट) जपावे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि एक महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. तेथे दाद न मिळाल्यास, वस्तू पुनर्विक्रीसाठी घेतलेली नसेल तर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि ग्राहक आयोग हे मार्ग खुले राहतात. कायदा खरेदीदाराच्या बाजूने उभा आहे. पण बोलीमागचा माणूस कोण, हे विचारण्याची जबाबदारी खरेदीदारालाच उचलावी लागते.