नवाबाच्या रानातली सावली

आम्ही चौघे मित्र. चौघांनीही पन्नाशी ओलांडली आणि डॉक्टरांनी सगळ्यांना एकच औषध लिहून दिलं : चाला. रस्त्यावर चालावं तर वाहनांचा धूर, किनाऱ्यावर चालावं तर नऊ वाजताच ऊन डोक्यावर. तेव्हा मी सुचवलं, फणसाडच्या रानात जाऊ. सुपेगावच्या बाजूने आत शिरायचं, झाडीतून गोल फेरी मारायची आणि दुपारच्या आत निघालो तिथेच परत यायचं.

कागद घेऊन बेत आखायला बसलो. तासाला तीन किलोमीटर हा आमच्या वयाचा वेग. तीन तास चालणं आणि एक तास विसावा, म्हणजे फेरी नऊ किलोमीटरांहून मोठी नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात आणि मे महिन्यातला दमट उकाडा सावलीतही सुटत नाही. सकाळी सातच्या सुमाराला निघायचं. वनखात्याची परवानगी, गावातला वाटाड्या आणि प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी. एवढं लिहून झाल्यावर एकाने विचारलं, ‘‘मधे बसायचं कुठे?’’

मी म्हटलं, पाणवठ्याच्या अलीकडे. या रानातल्या पाणवठ्यांना इथले लोक ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण, धरणगाण ही त्यांची नावं. नावं उच्चारली आणि मला माझे आजोबा आठवले.

मुरूडला येणारा प्रत्येक जण जंजिरा किल्ला पाहून जातो. आफ्रिकेतून आलेल्या हबशी वंशाच्या सिद्दींचा तो किल्ला शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांनाही घेता आला नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण या सिद्दींनी किल्ल्याइतकीच आणखी एक गोष्ट राखली होती, ती म्हणजे हे रान. फणसाड हे जंजिरा संस्थानच्या नवाबांचं शिकारीचं राखीव रान होतं. शिकार करायची तर जनावर टिकलं पाहिजे आणि जनावर टिकायचं तर झाडी आणि पाणी टिकलं पाहिजे. हिशेब सरळ होता. भोवतालच्या कुलाबा जिल्ह्यातलं लाकूड आणि कोळसा मुंबईच्या चुलींसाठी जात होता. त्या काळात बंदुकीच्या हौसेपायी इथली ऐन, किंजळ, अंजनी ही झाडं उभी राहिली. झाडांवर चढणारी गारंबीची वेल आणि तिच्या हातभर लांब शेंगा आजही इथे दिसतात. राज्यप्राणी शेकरू इथे फांद्यांवरून उड्या मारतं.

माझं नाव ऐकून कुणी थट्टेने म्हणतं, ‘‘नवाब तर तुमचेच!’’ मी सांगतो, नवाब बंदूक घेऊन मचाणावर असायचे आणि माझे आजोबा खाली हाकाऱ्यांत. पहाटे गावोगावची माणसं गोळा व्हायची. त्यांत मुसलमान, कोळी, आगरी, कातकरी सगळे असायचे. ओळ धरून, डबे बडवत, आरडाओरडा करत त्यांनी रान उठवायचं आणि जनावर मचाणाकडे हाकायचं. जनावर उलटलं तर पहिला बळी हाकाऱ्याचा. आजोबा सांगायचे, ‘‘या रानात मी कितीदा धावलो, पण सावलीत कधी बसलो नाही.’’

तेव्हा रान सामान्य माणसाचं कुठेच नव्हतं. संस्थानच्या हद्दीबाहेर, इंग्रजांच्या मुलखातही तेच. तिथे सरकारच्या जंगल कायद्यांनी गोरगरिबांची लाकूडफाट्याची वाट अडवली होती. त्याविरुद्ध २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेर इथे अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांनी गोळीबार केला. नाग्या महादू कातकरीसह आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. ज्या झाडांची सावली आपण फुकट समजतो, त्यांच्यासाठी याच किनारपट्टीवर माणसं मेली आहेत.

१९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झालं. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं आणि १९८६ मध्ये मुरूड आणि रोहा तालुक्यांतलं सुमारे ७० चौरस किलोमीटरांचं हे रान अभयारण्य म्हणून जाहीर झालं. जिथे बंदुकीसाठी जनावर राखलं जायचं, तिथे बंदुकीपासून राखलं जाऊ लागलं. पण रान राखलं गेलं की ते कायमचं राहतं असं नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि एका दुपारीत जुनी जुनी झाडं मुळासकट उपटली गेली. त्या दिवशी गेलेली सावली परत यायला एका माणसाचं आयुष्य पुरणार नाही.

म्हणून आमच्या बेतात काही कलमं वाढली. वाटाड्याची मजुरी आधी ठरवायची आणि त्यात घासाघीस करायची नाही; त्याच्या बापजाद्यांनी हे रान पायाखाली घातलंय. पाण्याच्या अगदी काठाशी बसायचं नाही. जनावरांची ये-जा तिथूनच असते. मोठ्याने बोलायचं नाही. डबे बडवण्याचे दिवस गेले.

आणि शेवटी मी कागदावरचा हिशेबच बदलला. चालणं अडीच तास, विसावा दीड तास. फेरी साडेसात किलोमीटरांवर आली. मित्र म्हणाले, ‘‘अरे, आपण चालायला चाललोय की बसायला?’’

मी म्हटलं, ‘‘तुम्ही चाला. माझ्या आजोबांचं बसायचं राहिलंय.’’