आरमाराची छावणी

सातारच्या राजगादीस समुद्र लाभला नव्हता. तथापि महाबळेश्वरी उगम पावून बाणकोटास सागरास मिळणाऱ्या सावित्रीप्रमाणे तिची सत्ताही घाट उतरून कोकणात पोहोचली, आणि १७१४ साली बाळाजी विश्वनाथांच्या मुत्सद्देगिरीने कान्होजी आंग्रे सरखेल शाहू छत्रपतींच्या पक्षास मिळाले.

वैशाखाअखेर नैर्ऋत्येचे वादळी वारे जवळ येत, तेव्हा गुराबा-गलबतांचे रक्षण हेच दर्यासारंगांचे मुख्य कर्तव्य ठरे. रामचंद्रपंत अमात्यांनी, करवीरच्या गादीचे सेवक असूनही उभय दौलतींस उपयुक्त अशा ‘आज्ञापत्रा’त, आरमाराची छावणी उघड्या दर्यात न करता आडोशाच्या बंदरी करावी, तीही दरसाल निरनिराळ्या बंदरी, असे बजावले आहे, कारण कितीही ताकीद केली तरी खलाशांचा उपद्रव रयतेस पोहोचतोच, ही त्यांची जाणीव मला विशेष हृद्य वाटते.