चोवीस किलो आणि चोवीस हजार किलो

छत्रपती संभाजीनगरहून (औरंगाबाद) जालन्याच्या रस्त्याला लागले की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. कारखान्याच्या फाटकावर आत येणाऱ्या मालाची वहीत नोंद होते: काय आले, किती आले, कोणासाठी आले. यात कोणाला नवल वाटत नाही. पण डुकरांच्या गोठ्यात जाणाऱ्या औषधाचीही अशीच वही ठेवायची म्हटले तर? एका लहानशा देशाने ती ठेवली. त्याची ही हकीकत.

सुरुवात अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत झाली. आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव तिथे संशोधनप्रमुख होते. त्यांच्याच काळात बेंजामिन डगर यांनी मातीतल्या एका जीवाणूपासून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक मिळवले. ते १९४८ साली जाहीर झाले. मोठ्या टाक्यांत जीवाणू वाढवून औषध काढून घेतले की मागे चोथा उरे. तिथलेच थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड ब-१२ जीवनसत्त्वाच्या शोधात होते. त्यांनी हा चोथा कोंबडीच्या पिल्लांना चारला. पिल्ले वाढली, पण जीवनसत्त्वाच्या हिशेबात बसेना इतकी वाढली. चोथ्यात औषधाचा अंश राहून गेला होता, त्याचा हा प्रताप! डुकरांवरही तोच परिणाम दिसला. फेकून द्यायच्या वस्तूला भाव आला, मग कोण थांबतो? प्रतिजैविके खाद्याच्या पोत्यांत जाऊ लागली.

यातली गोम अशी. आजारावरचे औषध पुऱ्या मात्रेत आणि थोडे दिवस द्यायचे असते. खाद्यातले औषध अल्प मात्रेत पण रोज पोटात जाते. त्याने नाजूक जीवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच संख्या वाढते. शिवाय जीवाणू आपला चिवटपणा शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतात. माणसांच्या उपचारात लागणारी प्रतिजैविके केवळ वाढीसाठी जनावरांना देऊ नयेत, असे ब्रिटनमधल्या स्वान समितीने १९६९ सालीच सांगितले होते. स्वीडनने तर १९८६ साली वाढीसाठीचा सगळाच वापर बंद केला.

डेन्मार्क हा डुकराचे मांस निर्यात करणारा देश. तिथे ॲव्होपार्सिन नावाचे औषध खाद्यात घालत. ते माणसाला कधीच देत नसत, त्यामुळे काळजीचे कारण दिसत नव्हते. पण त्याची रचना व्हँकोमायसिनसारखी आहे, आणि इतर औषधे हरली की रुग्णालये व्हँकोमायसिनकडे वळतात. एकाला दाद न देणारा जीवाणू दुसऱ्यालाही देत नाही. असे जीवाणू डॅनिश डुकरांत आणि कोंबड्यांत सापडले. मग कोणीतरी आकडे शेजारी शेजारी मांडले. १९९४ साली त्या देशात माणसांच्या उपचारासाठी व्हँकोमायसिन लागले २४ किलो. जनावरांच्या खाद्यात ॲव्होपार्सिन गेले २४,००० किलो. हे गुणोत्तर वर्गात फळ्यावर मांडून पाहावे. वेगळे भाष्य करावे लागत नाही.

१९९५ साली ॲव्होपार्सिनवर बंदी आली. पशुवैद्यांना औषधविक्रीतून मिळणाऱ्या नफ्यालाही मर्यादा घातली गेली. माझ्या मते हे पाऊल बंदीइतकेच महत्त्वाचे होते, कारण औषध लिहून देणारा आणि विकणारा एकच असला की हात सैल सुटतो. २००० सालापर्यंत खाद्यातली वाढीची प्रतिजैविके पूर्ण थांबली. त्याची किंमतही मोजावी लागली. आईपासून तोडलेल्या पिल्लांना हगवण वाढली आणि उपचारासाठी औषध अधिक लागले.

हे कळले, कारण मोजणी चालू होती. २००० साली ‘व्हेटस्टॅट’ ही नोंदपद्धती सुरू झाली. कोणत्या गोठ्यासाठी, कोणत्या वयाच्या जनावरांना, कोणते औषध, किती, हे सारे तिच्यात उतरू लागले. नुसते किलो मोजून भागत नाही, कारण एका औषधाचा ग्रॅम दुसऱ्याच्या ग्रॅमइतका प्रभावी नसतो. म्हणून ‘एका जनावराची एका दिवसाची मात्रा’ हे एकक घेतले. २०१० साली पिवळे कार्ड आले, फुटबॉलमधल्यासारखेच. सरासरीच्या दुपटीहून जास्त औषध वापरणाऱ्या गोठ्याला ते मिळे आणि ठरावीक मुदतीत वापर खाली आणावा लागे. १९९२ ते २००८ या काळात तिथली डुकरांची पैदास वर्षाला १.८४ कोटींवरून २.७१ कोटींवर गेली, तरी दर किलो मांसामागचे प्रतिजैविक निम्म्याहून कमी झाले होते.

पुढे २०१५ साली चीनमधून वेगळी बातमी आली. कोलिस्टिन या अखेरच्या फळीतल्या औषधाला दाद न देणारे, आणि ती क्षमता इतरांना सहज देणारे जनुक तिथल्या डुकरांतल्या जीवाणूंत सापडले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि मत्स्यशेतीत कोलिस्टिनला बंदी केली. त्याआधी २०१२ सालच्या नियमाने, चाचणीतून वेगळी मुदत ठरलेली नसेल तर औषध बंद केल्यावर मांसासाठी किमान २८ दिवस आणि दूध-अंड्यांसाठी ७ दिवस थांबावे, असे वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले होते.

छापण्याची जबाबदारी कारखान्याची. अठ्ठावीस दिवस मोजायचे ते मात्र गोठ्यात, आणि औषध कोणत्या तारखेला थांबवले हे तिथे कुठेतरी लिहिलेले असेल तरच.